मुलांना आधी सांगा आणि पूर्ण सांगा

मे महिना लागला की बडोद्यात घराघरात एकच विषय सुरू होतो, ॲडमिशन. कुठे मिळालं, किती टक्के पडले, डोनेशन द्यावं लागलं का, सायन्स घेतलं की कॉमर्स, मोठ्या माणसांचे प्रश्न हे असे. मुलांचे प्रश्न वेगळे असतात आणि ते कोणी फारसं ऐकून घेत नाही. मी नोकरीतली बरीच वर्षं बँकेत लोनच्या टेबलावर काढली, आता रिटायर झालेय, त्यामुळे नात्यातली, ओळखीतली, खालच्या मजल्यावरची मुलं अजूनही कागदाची फाइल घेऊन येतात आणि कागद बाजूला राहतो, मुलं बोलायलाच लागतात. काकू, ॲडमिशनच्या वेळी एक फी सांगितली होती, आता वर अजून का मागतायत? बाबांनी माझ्यासाठी लोन काढलं आणि मला तिकडे नोकरी नाही मिळाली तर काय? केस थोडे वाढले म्हणून मला अख्खा तास बाहेर का उभं केलं, तो नियम कुठे लिहिलाय?

हे तीन वेगळे विषय आहेत असं वरवर वाटतं, फी एक, परदेश दुसरा, शाळेची शिस्त तिसरा. मला मात्र वाटतं की दुखणं एकच आहे. ज्याच्या आयुष्याचा निर्णय चाललाय त्यालाच आपण आधी सांगत नाही आणि पूर्ण सांगत नाही. शाळा सांगत नाही, कॉलेज सांगत नाही, परदेशवाला एजंट तर नाहीच, आणि घरचे लोक सुद्धा "तू अभ्यास कर, पैशाचं आम्ही बघतो" म्हणून विषय संपवतात. प्रेमाने म्हणतात, मला माहितीये, पण त्या प्रेमामुळे मुलाला कळतच नाही की त्याच्या नावावर काय काय उभं राहतंय.

आधी फीचं बघू. गुजरातमध्ये 2017 साली खाजगी शाळांच्या फीसाठी कायदा झाला, शाळावाले कोर्टात गेले, त्याच वर्षी डिसेंबरमध्ये हायकोर्टाने कायदा योग्य ठरवला. कायदा आला तेव्हा प्राथमिकला वर्षाला 15 हजार, माध्यमिकला 25 हजार आणि उच्च माध्यमिकला 27 हजार अशी रेषा आखली होती, आणि याच्या वर फी घ्यायची असेल तर शाळेने आपला जमाखर्च फी कमिटीसमोर मांडायचा आणि मंजुरी घ्यायची. अहमदाबाद, वडोदरा, सुरत, राजकोट अशा चार झोनच्या कमिट्या, अध्यक्ष निवृत्त न्यायाधीश. म्हणजे आपल्या शहरात तर कमिटी इथल्या इथेच आहे. पण किती पालकांना माहितीये की आपल्या शाळेची मंजूर फी किती आहे? मी विचारते तेव्हा दहातल्या नऊ घरांत उत्तर येतं, "शाळेने पावती दिली तेवढी." पावती म्हणजे मंजुरी नव्हे हो. कमिटीचा ऑर्डर वेगळा असतो आणि तो बघायला मागता येतो, मागायला काही लाजायचं नाही.

मग फीच्या बाहेरचं. एक पावती माझ्यासमोर होती, सहावीतल्या मुलीची, शाळेचं नाव सांगत नाही. ट्यूशन फी व्यवस्थित मर्यादेत, आणि त्याखाली टर्म फी, ॲक्टिव्हिटी, स्मार्ट क्लास, ॲपचे पैसे, वार्षिक उत्सव, आणि एका वेगळ्याच कागदावर युनिफॉर्म, बूट, दप्तर, वह्या सुद्धा शाळेचा शिक्का असलेल्या, सगळं एकाच दुकानातून. मुलीच्या आईने ते सगळं पेन्सिलने कागदाच्या मागे जोडलं होतं आणि बेरजेखाली दोन रेघा मारल्या होत्या, बाकी काही लिहिलं नव्हतं. मी तिला विचारलं, शाळेत विचारलंत का की यातलं काय ऐच्छिक आहे? तर म्हणाली, "ताई, विचारलं की मुलीवर काढतात." मला विचाराल तर या एका वाक्यात सगळं आलं. फी जास्त आहे हे दुःख आहेच, पण विचारायची भीती वाटते हे त्याच्याहून मोठं दुःख आहे, आणि पालकांची ती भीती मुलांना बरोबर दिसते. मग मुलगी सहलीचा कागद घरी दाखवतच नाही. "मला नाही जायचं" म्हणते. आणि घरचे समजतात की तिला आवड नाही.

शाळांची बाजू मला समजत नाही असं नाही. शिक्षकांचे पगार वाढवायला हवेत, उलट कित्येक खाजगी शाळांत शिक्षिका जेवढ्या पगारावर सही करतात तेवढा हातात मिळत नाही हे या गावात सगळ्यांना माहितीये, आणि बिल्डिंग, बस, लाइट बिल, सगळं महाग झालंय. फी वाढवू नका असं माझं म्हणणंच नाही. माझं म्हणणं एवढंच की पहिलीत प्रवेश घेताना दहावीपर्यंतचा अंदाज कागदावर द्या, कुठल्या इयत्तेत कुठला नवा खर्च सुरू होणार ते लिहा, ऐच्छिक काय आणि सक्तीचं काय ते वेगळं छापा. ज्याला परवडत नाही तो तेव्हाच दुसरी शाळा बघेल. मुलगा सातवीत गेल्यावर, त्याचे मित्र झाल्यावर, शाळा बदलणं म्हणजे काय असतं ते ज्याचं बदललंय त्यालाच विचारा.

आणि आरटीईची, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याची मुलं. 2009 च्या या कायद्याने खाजगी शाळेत 25 टक्के जागा गरीब घरच्या मुलांसाठी, फी सरकार भरतं, उत्तम गोष्ट आहे, आपल्याकडे रिक्षा चालवणाऱ्याची, पोळ्या लाटणाऱ्या बाईची मुलं त्यामुळे चांगल्या शाळेत शिकतायत. पण कायदा आठवीपर्यंतच आहे. नववीला ती मुलं त्याच शाळेत, त्याच बाकावर, आणि घरी पूर्ण फीची पावती येते. पहिलीच्या ॲडमिशनला ऑनलाइन फॉर्म भरला, लॉटरीत नाव लागलं, पेढे वाटले, तेव्हा कोणी त्या आईला बसवून सांगितलं का की आठ वर्षांनी हे होणार आहे, आत्तापासून महिन्याला थोडं थोडं बाजूला ठेवा? मला एकही घर असं भेटलं नाही जिथे आधी सांगितलं होतं. चौदा वर्षांच्या मुलाला, शाळेत पहिल्या पाचात असलेल्या मुलाला, अचानक कळतं की आपण इथे उसने होतो. हे मला फार लागतं.

मदत नाही असंही नाही बरं का. मुख्यमंत्री युवा स्वावलंबन योजना आहे, बारावीला 80 पर्सेंटाइल आणि घरचं उत्पन्न सहा लाखांपर्यंत असेल तर इंजिनिअरिंगसारख्या कोर्सला निम्मी ट्यूशन फी किंवा 50 हजार, जे कमी असेल ते मिळतं. मुलींसाठी 2024 पासून नमो लक्ष्मी, नववी ते बारावी मिळून 50 हजार, हजेरीची अट आहे. कॉलेजात ॲडमिशन रद्द केली तर फी परत किती द्यायची त्याचे यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, टप्पे ठरलेले आहेत, ॲडमिशनच्या शेवटच्या तारखेच्या पंधरा दिवस आधी रद्द केली तर प्रोसेसिंगची छोटी रक्कम सोडून सगळी परत, नंतर कमी कमी होत जाते, आणि मुलाची ओरिजिनल मार्कशीट, एलसी म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला, अडकवून ठेवायला तर यूजीसीने साफ मनाई केलीय. तरी दर वर्षी जुलैमध्ये कोणीतरी सांगत येतंच, कॉलेज ओरिजिनल देत नाहीये म्हणून दुसरीकडे मिळालेली सीट जाते आहे. नियम माहीत नसलेला मुलगा काउंटरवर हात जोडून उभा असतो. माहीत असता तर अर्ज लिहून दिला असता आणि पोच घेतली असती.

आता परदेश. यावर मला जरा जास्तच बोलायचंय, कारण माझं टेबल हेच होतं.

अलकापुरीत एक चक्कर मारा, वर बघत चाला, बोर्डच बोर्ड. कॅनडा, युके, ऑस्ट्रेलिया, जर्मनी, आयईएलटीएस, पीटीई या इंग्रजीच्या परीक्षा, व्हिसा, फ्री काउन्सेलिंग. गुजरातेत परदेशी जाणं नवीन नाही, पण पूर्वी मराठी घरांत ते एवढं नव्हतं, आपल्याकडे शिकून सरकारी नोकरी, बँक, रिफायनरी, आयपीसीएल ही पेट्रोकेमिकल कंपनी, फार तर पुणे-मुंबई. आता शेजारचा गेला, मामाचा गेला, म्हणून आपलाही जाणार. जाऊ दे ना, माझा विरोध नाहीच मुळी, जग बघावं, शिकावं, चांगली युनिव्हर्सिटी असेल तर कर्ज काढून सुद्धा जावं. पण फ्री काउन्सेलिंग फ्री कसं असतं ते मुलाला आधी सांगा. तिकडचं कॉलेज एजंटला पहिल्या वर्षाच्या फीमधून कमिशन देतं. म्हणजे समोर बसलेला माणूस कुठलं कॉलेज सुचवतोय यात त्याचा स्वतःचा पैसा आहे. तो वाईट माणूस आहे असं मी म्हणत नाही, काही जण खरंच चांगलं मार्गदर्शन करतात, पण तुमच्या मुलाने समोर बसताना एवढं माहीत ठेवून बसावं आणि सरळ विचारावं की या कॉलेजकडून तुम्हाला काही मिळतं का.

मग आकडे. मी मुलांना कागदावर करून दाखवते ते इथेच करून दाखवते. समजा 30 लाखांचं लोन, व्याज 11 टक्के, दोन वर्षांचा कोर्स आणि नंतरचं एक वर्ष सूट, म्हणजे तीन वर्षं हप्ता नाही. मुलगा म्हणतो, तीन वर्षं काहीच भरायचं नाही, मस्त. अरे, हप्ता नाही, व्याज तर चालूच असतं! साध्या व्याजाने धरलं तरी तीन वर्षांचे 9 लाख 90 हजार झाले, आणि ते मुद्दलात जाऊन बसले की कर्ज जवळपास 40 लाख. दहा वर्षांत फेडायचं म्हटलं तर हप्ता महिना साधारण 55 हजार, एकूण 66 लाखांच्या आसपास. लोन टप्प्याटप्प्याने उचलतात म्हणून प्रत्यक्षात थोडं कमी होईल, पण अंदाज हाच. आणि सूट असलेल्या काळात घरच्यांनी नुसतं व्याज भरत राहिलं, सुरुवातीला कमी आणि पूर्ण उचल झाल्यावर महिना साडेसत्तावीस हजार, तर नंतरचा हप्ता 41 हजारांवर येतो. हा फरक एका पानावर मावतो. बँकेत आलेल्या किती मुलांनी हे पान आधी पाहिलेलं असायचं? हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. बाकीची बाबांच्या शेजारी बसून जिथे फुली मारलेली आहे तिथे सही करायची. सही मुलाची, कर्जदार मुलगा, आणि आकडा त्याला पहिल्यांदा दिसायचा तो सॅंक्शन लेटरवर.

त्यात परदेशाच्या लोनला साधारण 15 टक्के मार्जिन आपलं घालावं लागतं, ते पीएफमधून, आईच्या बांगड्यांतून, एलआयसी मोडून येतं, आणि मोठ्या रकमेला तारण लागतं. आणि तारण म्हटलं की आपल्या जुन्या बडोद्याच्या मराठी घरांची खास अडचण सुरू होते. दांडिया बाजार, रावपुरा, त्या बाजूचे वाडे. बाहेरून म्हणायला मोठी प्रॉपर्टी, आणि सिटी सर्व्हेच्या प्रॉपर्टी कार्डावर नाव कोणाचं? पणजोबांचं! वारस किती, तर मोजायला बसलं की संध्याकाळ होते. एक काका इंदूरला, एक आत्या पुण्यात, एकाचा मुलगा अमेरिकेत, एकाशी बोलणंच बंद. वकील टायटल सर्च करतो, लिहितो की सगळ्या वारसांचं संमतीपत्र आणा, आणि मुलाचा व्हिसाचा अपॉइंटमेंट पंधरा दिवसांवर आलेला. मग ज्या प्रायव्हेट कंपन्या तारणाशिवाय देतात त्यांच्याकडे जायचं, व्याज चढं. वाड्याचं नाव चढवून घेणं हे काम मुलगा दहावीत असतानाच करायला घ्यायला हवं, पण ते वडिलांना कोणी सांगितलेलं नसतं आणि मुलाला तर घरात असा काही गुंता आहे हेच माहीत नसतं. गुजरात सरकारचं परदेशी शिक्षणासाठी 4 टक्क्यांचं, 15 लाखांपर्यंतचं लोन आहे, अनुसूचित जातींसाठी आहे, बिनअनामत, म्हणजे आरक्षण नसलेल्या, वर्गासाठी पण सरकारी निगम आहे, तिथल्या अटी वेळेत वाचल्या आणि बसत असतील तर व्याजात केवढा फरक पडतो ते वरच्या गणितात आकडा बदलून बघा.

आणि नियम किती पटापट बदलतात! कॅनडाने 1 जानेवारी 2024 पासून खर्चासाठी दाखवायची रक्कम 10 हजार डॉलरवरून एकदम 20,635 केली, सप्टेंबर 2025 पासून ती 22,895 झाली. त्याच 2024 मध्ये नवीन स्टुडंट परमिटवर मर्यादा आली, नोव्हेंबरमध्ये एसडीएस हा स्टुडंट परमिटचा फास्ट रस्ता बंद झाला, शिकून झाल्यावर काम करायचं परमिट सगळ्याच कोर्सना मिळेल असं राहिलं नाही. युकेने जानेवारी 2024 पासून साध्या मास्टर्सवाल्यांना नवरा-बायको-मुलांना बरोबर आणायचं बंद केलं. ऑस्ट्रेलियाने जुलै 2024 मध्ये व्हिसा फी 710 डॉलरची 1,600 केली. जर्मनीत सरकारी युनिव्हर्सिटीत बहुतेक ठिकाणी ट्यूशन फी नाही म्हणून आता सगळे तिकडे बघतायत, पण ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे महिन्याला ठरावीक रक्कमच काढता येते अशा खात्यात, वर्षाचे 11,904 युरो आधी ठेवावे लागतात आणि रोजच्या कामाला जर्मन भाषा लागतेच लागते. रुपयाचं तर विचारूच नका, 2014 साली साठच्या आसपास असलेला डॉलर 2022 मध्ये ऐंशीच्या पुढे गेला, म्हणजे कर्ज रुपयात घेतलेलं आणि दुसऱ्या वर्षाची फी डॉलरात, तिकडे फी तेवढीच राहिली तरी इकडे वाढलेली असते. हे सगळं सार्वजनिक आहे, त्या त्या सरकारच्या वेबसाइटवर आहे, मुलगा रोज चार तास मोबाइल बघतो त्यातला अर्धा तास त्याला हे वाचायला बसवा. वडिलांनी वाचून सांगायचं नाही, त्याने वाचून वडिलांना सांगायचं.

बडोद्यात राहून या विषयावर बोलताना सयाजीराव महाराजांची आठवण निघतेच, आणि ती नुसती पुतळ्याला हार घालण्यापुरती निघू नये असं मला वाटतं. 1893 मध्ये त्यांनी अमरेली भागात सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग केला, 1906 मध्ये सगळ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. आणि 1913 मध्ये बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया युनिव्हर्सिटीत गेले ते बडोदा संस्थानच्या स्कॉलरशिपवर. महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षं, आणि परत आल्यावर दहा वर्षं संस्थानची नोकरी, असा करार होता. माझ्यासारख्या लोनच्या टेबलावर बसलेल्या बाईला यात काय दिसतं सांगू? रक्कम किती, किती दिवस, आणि बदल्यात काय, सगळं आधी स्पष्ट. पण पुढचा भाग तेवढाच महत्त्वाचा. स्कॉलरशिपची मुदत संपली म्हणून 1917 मध्ये लंडनचा अभ्यास अर्धा टाकून ते बडोद्यात नोकरीला आले, कोलंबियाची पदवी घेऊन आलेला हा माणूस, आणि जातीमुळे त्यांना या शहरात राहायला खोली मिळाली नाही, ऑफिसातही अपमान, आणि ते शहर सोडून गेले. कमाटीबागेत संकल्पभूमी आहे ती त्याचीच आठवण. पाठवण्याची व्यवस्था झाली होती, परत आलेल्याला सामावून घ्यायची शहराची तयारी नव्हती. जातीमुळे झालेलं ते दुःख वेगळं आणि फार मोठं आहे, त्याची बरोबरी आजच्या कुठल्या अडचणीशी मला करायची नाही. पण एक प्रश्न मला तिथूनच सुचतो आणि मी तो प्रत्येक मुलाला विचारते, परत आलास तर? परत येणं म्हणजे हरणं, असं आपण घरात वातावरण करून ठेवतो. मग मुलं तिकडे सहा जण एका बेसमेंटमध्ये राहतात, जेवायचे पैसे वाचवतात, आणि व्हिडिओ कॉलवर हसून दाखवतात. निघायच्या आधीच घरात उघडपणे ठरवा की नाही जमलं तर अमुक महिन्यांनी परत ये, घर तुझंच आहे, कर्ज आपण मिळून असं असं फेडू. हे तोंडाने म्हणून झालं पाहिजे, मुलाने मनात समजून घ्यावं असं ठेवू नका.

शाळेच्या नियमांबद्दल. मोबाइल शाळेत नको, या बाबतीत मी पूर्णपणे शाळेच्या बाजूची आहे, पंच्याहत्तर टक्के हजेरीच्या बाजूची आहे, आणि डमी ॲडमिशन घेऊन दिवसभर कोचिंगमध्ये बसवायचं हे तर मला अजिबात पटत नाही. नियम असावेत. युनिफॉर्म असावा, त्याने गरीब-श्रीमंत एका रांगेत दिसतात. पण नियमामागचं कारण मुलाला सांगता आलं पाहिजे. जानेवारी 2023 मध्ये राजकोटच्या एका शाळेत आठवीतली मुलगी थंडीच्या सकाळी वर्गात कोसळली आणि गेली, डॉक्टरांनी कारण काय लिहिलं तो वेगळा भाग, पण घरच्यांचं म्हणणं होतं की शाळेने ठरवून दिलेलं स्वेटर त्या थंडीला पुरेसं नव्हतं, आणि त्यानंतर सरकारने शाळांना सांगितलं की ठरावीक स्वेटरचा हट्ट धरू नका. थंडी वाजली तर जाड स्वेटर घाल, हे सांगायला सरकार लागावं?

आणि आपल्या घरचं दुखणं, बडोद्याचा हरणी तलाव. 18 जानेवारी 2024, सहलीची बोट उलटली, 12 मुलं आणि 2 शिक्षिका गेल्या. बोटीत माणसं जास्त होती, सगळ्यांच्या अंगावर लाइफ जॅकेट नव्हती. आज दोन वर्षं होऊन गेली तरी त्या रस्त्यावरून जाताना माझ्याने तिकडे बघवत नाही. कोणाची किती चूक ते कोर्ट बघेल. मला एवढंच म्हणायचंय की आपण मुलांना जे नियम शिकवतो ते सगळे मोठ्यांची आज्ञा पाळायचे असतात, रांगेत उभं राहा, बोलू नको, सांगितलं तिथे बस. जॅकेट नसेल तर मी बोटीत बसणार नाही असं म्हणायचा नियम आपण एकाही शाळेच्या डायरीत छापलेला नाही. नखं, रिबीन, बुटाची पॉलिश, यावर दोन दोन पानं असतात. मुलाने स्वतःच्या जिवासाठी मोठ्या माणसाला नाही म्हणायचं, हे पान त्याच्यात नाही. मला ते पान हवंय, आणि ते पहिल्या पानावर हवंय.

शिक्षा म्हणून बाहेर उभं करणं, सगळ्यांसमोर केस कापणं, फी भरली नाही म्हणून नाव वाचून दाखवणं, हे आजही होतं. आरटीई कायद्याच्या 17 व्या कलमात शारीरिक शिक्षेला आणि मानसिक त्रासाला बंदी आहे. फी बापाने भरायची असते आणि उभं मुलाला करतात, हे कुठल्या न्यायात बसतं ते मला एकदा कोणीतरी शांतपणे समजावून सांगावं.

मराठी घरांचं अजून एक छोटं. 2023 च्या कायद्याने पहिली ते आठवी गुजराती शिकवणं सक्तीचं झालं, आणि ते योग्यच आहे, आपण इथले आहोत, आपल्या मुलांना गुजराती लिहिता-वाचता आलीच पाहिजे. पण शाळेची सूचना, फीचं सर्क्युलर, सहलीचं संमतीपत्र हे गुजराती-इंग्रजीत येतं, ज्या आजी घरी मुलं सांभाळतात त्यांना वाचता येत नाही आणि त्या खाली सही करून देतात. महानगरपालिकेच्या मराठी शाळा अजून आहेत इथे, तिथल्या मास्तरांना विचारा, सोप्या भाषेतल्या एका कागदाने किती घोळ वाचतो.

यावर मला नेहमी एक उत्तर मिळतं, विशेषतः वडील मंडळींकडून. एवढ्याशा मुलांवर पैशाचं ओझं कशाला टाकायचं, टेन्शन घेतील, अभ्यासावरून लक्ष जाईल. या म्हणण्यात तथ्य आहे, आठ वर्षांच्या मुलीला घराचे हप्ते सांगायची गरज नाही. पण सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला टेन्शन आधीच असतं. त्याला सगळं ऐकू येतं. रात्री आई-बाबा स्वयंपाकघरात हळू आवाजात बोलतात ते त्याला ऐकू येतं, फक्त आकडा ऐकू येत नाही, आणि आकडा माहीत नसला की मनात तो दुप्पट होतो. मी बघितलंय, कागदावर सगळं मांडून दाखवलं की मुलं घाबरत नाहीत. उलट पहिल्यांदा नीट बोलायला लागतात. एका मुलाने सगळं गणित बघून स्वतःच सांगितलं की काकू, मी आधी इथे एमएस युनिव्हर्सिटीतून करतो, दोन वर्षं नोकरी करतो, मग जातो. एका मुलीने तेच गणित बघितलं आणि म्हणाली, मला जायचंच आहे, पण हे कॉलेज नको, सरकारी युनिव्हर्सिटीच हवी, एक वर्ष थांबेन. दोघांचे निर्णय वेगळे, दोन्ही मला आवडले.

आपल्या मराठी मंडळांना माझं एक सांगणं आहे. दर वर्षी आपण गुणगौरव समारंभ करतो, नव्वद टक्क्यांच्या वर असेल त्याला शाल, पेन, पाकीट, फोटो. चालू द्या. पण मे महिन्यातले चार रविवार मंडळाच्या हॉलमध्ये एक टेबल लावा, नव्वदवाला असो की पन्नासवाला असो. एक बँकेतला माणूस, एक शिक्षक, एक वकील प्रॉपर्टी कार्ड बघायला, आणि दोन अशी मुलं जी बाहेर जाऊन परत आली आहेत आणि खरं सांगायला तयार आहेत. मुलाने फीची पावती आणायची, लोनचा कागद आणायचा, शाळेची डायरी आणायची, आणि बोलायचं मुलाने, पालकांनी शेजारी बसून ऐकायचं. दांडिया बाजारात हॉल आहेत, रिटायर झालेली माणसं तर प्रत्येक गल्लीत आहेत. बँकेच्या बाजूने मी बसायला तयार आहे, वकील कोण येतंय ते सांगा.